शाडीचा तराजू: ‘यु-गी-ओ!’मधील देवांच्या दूताचे काम

पत्त्यांच्या खेळावर उभ्या असलेल्या ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेमध्ये, देवांचा दूत कशासाठी लागतो, हा प्रश्न ‘यु-गी-ओ!’मध्ये शाडी हे पात्र पहिल्यांदा दिसते तेव्हा बहुतेक प्रेक्षकांना पडतो. डोक्याला फेटा, अंगात पायघोळ झगा, गळ्यात अंख या इजिप्तच्या जीवनचिन्हाच्या आकाराची सोन्याची चावी आणि जवळ सोन्याचा तराजू असा हा माणूस इजिप्तमधून येतो, कुणाच्या तरी मनात शिरतो, दोन-चार गूढ वाक्ये बोलतो आणि निघून जातो. इतर पात्रे पत्त्यांचे डाव मांडत असताना तो डावात उतरत नाही. त्यामुळे अनेक जण त्याला कथेतली सजावट समजून पुढे जातात. माझे मत वेगळे आहे. या कथेत न्याय कसा होतो आणि तो कुठे चुकतो, हे समजून घ्यायचे असेल तर शाडीकडेच लक्ष द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी प्राचीन इजिप्तच्या एका श्रद्धेकडे जावे लागते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. काझुकी ताकाहाशी यांची ‘यु-गी-ओ!’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1996 ते 2004 या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. तिच्यावरून 1998 मध्ये एक छोटी ॲनिमे मालिका आली आणि 2000 मध्ये दुसरी सुरू झाली, जी 224 भाग चालली. जगभर जी पत्त्यांची मालिका म्हणून ओळखली जाते ती ही दुसरी. कथेचा नायक युगी हा शाळकरी मुलगा एक प्राचीन सोनेरी कोडे जुळवतो आणि त्या कोड्यात अडकलेला एका फॅरोचा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाचा, आत्मा त्याच्या शरीरात राहू लागतो. अशा एकूण सात जादूच्या वस्तू आहेत. कोडे, कडे, डोळा, दंड, कंठा, तराजू आणि चावी. त्यांना ‘मिलेनियम’ वस्तू म्हणतात, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन शाडीकडे असतात.

आता तराजूकडे येऊ. इजिप्तमध्ये साधारण इसवी सनपूर्व 1550 पासून मृतासोबत पपायरसची एक गुंडाळी पुरण्याची पद्धत रूढ झाली. तिला आज आपण ‘मृतांचे पुस्तक’ म्हणतो, पण ते एकसंध पुस्तक नव्हते. परलोकाच्या प्रवासात उपयोगी पडतील अशा मंत्रांचा तो संग्रह होता, आणि ज्याला जेवढे परवडतील तेवढे मंत्र तो लिहून घेई. त्या मंत्रांना आपण आज जे क्रमांक देतो त्यांची सुरुवात जर्मन अभ्यासक लेप्सियस यांनी 1842 मध्ये केली. त्यातला 125 क्रमांकाचा मंत्र आपल्या विषयाचा आहे. मृत माणूस दोन सत्यांच्या सभागृहात पोहोचतो, तिथे बसलेल्या 42 देवतांपुढे ‘मी चोरी केली नाही, मी खोटे बोललो नाही, मी मापात फसवणूक केली नाही’ असे एकेक पाप नाकारत जातो, आणि मग त्याचे हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवले जाते. दुसऱ्या पारड्यात मात या सत्य आणि ऋत, म्हणजे सृष्टीची सुव्यवस्था, यांच्या देवीचे शहामृगाचे पीस असते. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजूचा काटा नीट करतो, थॉथ निकाल लिहून घेतो, आणि बाजूला अम्मित नावाची राक्षसी वाट पाहत बसलेली असते. तिचे तोंड मगरीचे, पुढचे अंग सिंहाचे आणि मागचे पाणघोड्याचे. हृदय जड निघाले तर ती ते गिळते आणि त्या माणसाचे अस्तित्वच संपते. हृदय निर्दोष ठरले तर होरस त्या मृताला हाताला धरून सिंहासनावर बसलेल्या ओसायरिसकडे, मृतांच्या देवाकडे, नेतो. हुनेफर नावाच्या लेखनिकाच्या पपायरसवर हे सगळे दृश्य एका पट्टीत रंगवलेले आहे. ते साधारण इसवी सनपूर्व 1275 चे असून आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हृदयच का, याचे उत्तर इजिप्तच्या शरीरविषयक समजुतीत आहे. विचार, स्मृती आणि सदसद्विवेक हे सारे हृदयात वसते असे ते लोक मानत. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत आणि हृदय मात्र शक्यतो शरीरातच ठेवत. पण हेच हृदय आपल्याविरुद्ध साक्ष देईल ही भीतीही होती, आणि त्यावर उपाय म्हणून मृताच्या छातीवर भुंग्याच्या आकाराचे एक ताईत ठेवले जाई. त्यावर मंत्र कोरलेला असे, ज्यात मृत माणूस स्वतःच्या हृदयाला ‘न्यायासनापुढे माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस’ अशी विनंती करतो. म्हणजे खऱ्या इजिप्तमध्ये हा न्याय कठोर होता, तरी त्याला सामोरे जाण्याची तयारी करता येत होती. मंत्र विकत घेता येत होते, ताईत करून घेता येत होते, आणि खटला चालायचा तो मेल्यावर.

ताकाहाशींनी नेमके इथेच बदल केले. मांगाच्या सुरुवातीच्या भागात, पत्त्यांचा खेळ कथेच्या केंद्रस्थानी येण्याच्या आधी, शाडी जपानमध्ये येतो तेव्हा त्याचे लक्ष्य कानेकुरा नावाचा संग्रहालयप्रमुख असतो. राजाच्या थडग्यातल्या वस्तूंचा त्याने धंदा मांडलेला आहे आणि प्रदर्शनासाठी म्हणून घेतलेले युगीचे कोडेही त्याला विकायचे आहे. शाडी त्याच्यासमोर तराजू धरतो, एका पारड्यात पीस ठेवतो आणि प्रश्न विचारू लागतो. कानेकुरा खोटे बोलतो, पारडे खाली जाते, आणि अखेर अम्मित त्याला गिळते. लोकांच्या दृष्टीने तो हृदयविकाराच्या झटक्याने मेलेला असतो. या प्रसंगात खटला जिवंतपणी चालतो, ताईत नाही, मंत्र नाही, 42 देवता नाहीत, आणि अनुबिस, थॉथ व ओसायरिस या तिघांचे काम एकटा दूत करतो. काटा धरणारा तोच, निकाल वाचणारा तोच आणि शिक्षेचे दार उघडणाराही तोच.

या बदलाचा पुढे मोठा परिणाम होतो, कारण या मालिकेत खुद्द देव न्यायासनावर बसलेलेच नाहीत. ते पत्ते झाले आहेत. इजिप्तच्या देवांचे म्हणून जे तीन सर्वांत बलाढ्य पत्ते कथेत येतात त्यांत एक आहे ओसायरिसचा, लाल रंगाचा आकाशातला ड्रॅगन. इंग्रजी आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘स्लायफर’ केले गेले, त्यामुळे आपल्याकडे इंग्रजीतून मालिका पाहिलेल्या बहुतेकांना हा संबंध कळतच नाही. मूळ जपानी नावाने पाहिले की चित्र स्पष्ट होते. ज्या ओसायरिसपुढे हृदयाचा निवाडा व्हायचा तोच खेळाडूच्या हातातले शस्त्र बनला आहे. सिंहासन रिकामे आहे, आणि त्या रिकाम्या सिंहासनाच्या वतीने शाडी फिरतो आहे.

देवाचा दूत म्हटले की आपल्या मनात निरोप आणणारा कुणीतरी येतो. प्राचीन इजिप्तमध्ये मात्र दूत या कल्पनेला भीतीची किनार होती. सेखमेत या सिंहमुखी देवीचे दूत रोगराई घेऊन येतात अशी समजूत होती, आणि वर्षाच्या शेवटच्या पाच अधिक दिवसांत त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून लोक ताईत बांधत. जपानमध्ये याउलट देवाचे दूत बहुधा प्राणी असतात. इनारी या देवतेचा कोल्हा आणि नारा येथील कासुगा देवस्थानची हरणे ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. शाडीचे रूप पहिल्या परंपरेतले आहे. तो शुभवार्ता आणत नाही, तो आला म्हणजे हिशेब होणार.

जपानी वाचकाला हा हिशेब परका वाटला नसावा असे मला वाटते. मृत्यूनंतर दहा राजांपुढे क्रमाने निवाडा होतो ही बौद्ध कल्पना चीनमधून जपानला गेली. त्या दहांतल्या चौथ्या राजाकडे कर्माचा तराजू असतो, आणि पाचवा राजा एन्मा माणसाची सगळी कृत्ये दाखवणारा आरसा पुढे धरतो. हा एन्मा म्हणजे आपला यमच. भारतातून बौद्ध धर्माबरोबर निघालेला यम चीनमार्गे जपानला पोहोचून एन्मा झाला. मराठी वाचकाला तराजू हाती घेतलेला दूत चटकन ओळखीचा वाटतो त्याचे कारणही यात आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. यमाच्या दरबारात कर्मानुसार पुढचा जन्म ठरतो, तर इजिप्तच्या श्रद्धेत अम्मितने गिळलेल्याला पुढे काहीच उरत नाही. शाडीचा न्याय या दुसऱ्या जातीचा आहे, तिथे दुरुस्तीला जागा नाही.

तराजू बाहेरच्या कृत्यांचा हिशेब घेतो, तर चावी आत शिरते. तिने शाडी माणसाच्या मनाची खोली उघडतो आणि तिथे काय आहे ते पाहतो. युगीच्या मनात तो शिरतो तेव्हा त्याला एका माणसात दोन खोल्या दिसतात. एक खेळण्यांनी भरलेली, उजेडाची. दुसरी अंधारी, जिने आणि दारे यांचा न संपणारा चक्रव्यूह. तिथे दुसरा युगी, म्हणजे फॅरोचा आत्मा, त्याला आव्हान देतो की या चक्रव्यूहातली माझी खरी खोली शोधून दाखव. शाडी सापळ्यात सापडतो, आणि त्याला हात देऊन वर ओढणारा तोच दुसरा युगी असतो. या पात्राबद्दलची माझी आस्था इथून सुरू होते. इतरांचे मन तपासण्याचा अधिकार घेऊन आलेला माणूस इथे पहिल्यांदा दुसऱ्याच्या दयेवर वाचतो, आणि त्याला ते सहन होत नाही.

पुढे तो जे करतो त्यात देवांची आज्ञा कुठेच नाही, असे माझे वाचन आहे. तो युगीच्या मैत्रिणीला, अन्झूला, जिला इंग्रजी आवृत्तीत टीआ म्हणतात, मोहिनीखाली आणून गच्चीच्या कडेला उभी करतो. तिचा आधार ज्या दोऱ्यांवर आहे त्या उशाब्ती नावाच्या लहान मूर्तींशी बांधलेल्या असतात, आणि युगीच्या मनाची एकेक दुबळी बाजू उघडी पडली की त्या फुटू लागतात. खऱ्या इजिप्तमध्ये उशाब्ती ही किती साधी वस्तू होती ते पाहिले की इथला विपर्यास टोचतो. परलोकात मृताला शेतीची किंवा बांधाची कामे करावी लागली तर त्याच्याऐवजी ‘मी आहे’ म्हणून उत्तर देणारी ती सेवकाची मूर्ती, थडग्यात ठेवलेली. कष्टातून सुटका देणारी ही वस्तू शाडीच्या हाती परीक्षेचे हत्यार होते. शेवटी युगी तरतो तो एकट्याच्या बळावर नाही. मित्रावरचा त्याचा भरवसा कामी येतो. शाडी हे मान्य करून निघून जातो, पण वाचकाच्या मनात शंका राहते ती राहतेच की दूत आपल्या मानापमानासाठी तराजू वापरू लागला तर त्याला कोण थांबवणार.

पत्त्यांच्या ॲनिमेत, म्हणजे 2000 च्या मालिकेत, कानेकुराचा प्रसंग नाही, आणि युगीच्या मनात शिरण्याचा प्रसंग पेगासस या खलनायकाविरुद्धची मोठी लढत संपल्यावर येतो. पेगाससचा जादूचा डोळा कुणीतरी हिरावून नेलेला असतो आणि शाडीचा संशय युगीवर असतो. या मालिकेतला शाडी शिक्षा देणारा कमी आणि वस्तूंचा राखणदार जास्त आहे. पेगाससच्या भूतकाळात त्याची भूमिका अधिकच महत्त्वाची ठरते. वाग्दत्त वधूच्या मृत्यूने खचलेला पेगासस इजिप्तला जातो, शाडीच्या मागोमाग जमिनीखालच्या एका वस्तीत पोहोचतो, आणि तिथे त्याला मिलेनियम डोळा मिळतो. मृत प्रियेची एक झलक त्याला दिसते, आणि तिला परत आणण्याच्या वेडात तो पुढे जी पापे करतो त्यांवर मालिकेचा पहिला मोठा टप्पा उभा आहे. प्राचीन शिळांवर कोरलेल्या राक्षसांवरून पत्त्यांचा खेळ तयार करणारा हाच पेगासस. दूताने इथे कुणाचाही निवाडा केलेला नाही. वस्तू कुणाला स्वीकारते एवढेच त्याने पाहिले. वस्तूने एखाद्याला निवडले म्हणजे तो माणूस योग्य आहे असे होत नाही, हे कथा या प्रसंगात दाखवते, आणि शाडीला ते पुरेसे उमगलेले दिसत नाही.

मारिकच्या बाबतीत तर दूताच्या शब्दांनीच घात होतो. मारिक आणि त्याची बहीण इशिझू ही फॅरोच्या थडग्याची राखण करणाऱ्या घराण्यातली मुले, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली जगलेली. मारिकच्या मनात साठलेल्या द्वेषातून जन्मलेले त्याचे काळे रूप स्वतःच्या वडिलांना मारते, पण भानावर आलेल्या मारिकला त्यातले काही आठवत नाही. त्या वेळी शाडी प्रकट होतो आणि त्याच्या बोलण्यावरून मारिक अशी समजूत करून घेतो की वडिलांचा मृत्यू फॅरोच्या इच्छेने झाला. या एका गैरसमजातून त्याचा सूड उभा राहतो, आणि त्या सूडापायी किती जणांना यातना होतात हे मालिका पाहिलेल्यांना सांगायला नको. निरोप खरा असला तरी तो ऐकणाऱ्याची अवस्था न पाहता दिला तर काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण या प्रकारच्या मालिकांत मी दुसरे पाहिलेले नाही.

आणि तरीही कथेतला सर्वांत जड प्रश्न शाडीच्या वागण्याचा नाही, त्याच्या तराजूचा आहे. शेवटच्या टप्प्यात आपल्याला या सात वस्तूंचा जन्म कळतो. तीन हजार वर्षांपूर्वी, शत्रूंनी घेरलेल्या राज्याला वाचवण्यासाठी त्या वेळच्या फॅरोचा, अक्नामकानोनचा, भाऊ अक्नादिन जादूच्या ग्रंथातला एक विधी करवतो. त्यासाठी कुल एल्ना या चोरांच्या म्हणून बदनाम असलेल्या गावातली 99 माणसे बळी दिली जातात, आणि त्यांच्यातून ही सोन्याची आभूषणे ओतली जातात. गावातला एक मुलगा वाचतो, आणि तो मोठा होऊन फॅरोच्या राज्याचा वैरी होतो. म्हणजे ज्या तराजूवर कानेकुराचे खोटे तोलले गेले, तो तराजूच एका हत्याकांडातून घडला होता. मातचे पीस ज्या पारड्यात ठेवायचे ते पारडेच निर्दोष नाही. इंग्रजी आवृत्तीने तीन हजार वर्षांची पाच हजार केली आणि हिंसेचे अनेक प्रसंग सौम्य केले, त्यामुळे तिथे हा आघात बोथट होतो. मूळ कथेत तो बसतो, आणि माझ्या मते ताकाहाशींच्या कल्पनेचे सर्वांत मोठे बळ इथेच आहे. खऱ्या इजिप्तच्या श्रद्धेत तराजूवर कुणी शंका घेत नसे, कारण तो सृष्टीच्या ऋताचाच भाग होता. या कथेत तराजू माणसांनी घडवलेला आहे आणि त्याचा इतिहास आहे.

मग हा दूत स्वतः कोण? त्याची उकल एका सरळ रेषेत होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शाडी जिवंत माणूस नाही, त्याचा मृत्यू पूर्वीच झालेला आहे, हे उशिरा स्पष्ट होते. शेवटच्या टप्प्यात बोबासा नावाचा खादाड, हसतमुख माणूस चावी आणि तराजू सांभाळत युगी व त्याच्या मित्रांना फॅरोच्या स्मृतींच्या जगात नेतो, आणि पुढे कळते की तो व शाडी ही एकाच आत्म्याची रूपे आहेत. त्याच आत्म्याचे तिसरे रूप हसन, मृत राजा अक्नामकानोनने आपल्या मुलाच्या रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी. 2016 मध्ये आलेल्या चित्रपटाची कथाही ताकाहाशींनी लिहिली, आणि त्यात शाडी अनाथ मुलांना सांभाळणारा माणूस म्हणून दिसतो, ज्याची त्या मुलांसमोर हत्या होते. ही सगळी रूपे काटेकोरपणे जुळवू पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. पण हसनची बाजू ध्यानात घेतली की आधीचे बरेच काही वेगळे दिसू लागते. देवांच्या नावाने इतका कठोर वागणारा हा दूत मुळात एका बापाच्या काळजीपोटी नेमलेला होता. युगीच्या मनातला चक्रव्यूह तपासताना, पेगाससला डोळा मिळताना पाहताना, मारिकच्या घरी प्रकट होताना तो खरे तर त्याच एका मुलाची, विसरलेल्या नावाच्या फॅरोची, वाट पाहत होता.

ते नाव, आतेम, सापडल्यावर सातही वस्तू शिळेतल्या त्यांच्या जागी बसवल्या जातात आणि युगी व आतेम यांच्यात शेवटचा डाव होतो. आतेम हरतो, परलोकाचे दार त्याच्यासाठी उघडते, आणि तो गेल्यावर थडगे कोसळून वस्तू खोल गाडल्या जातात. तराजूही त्यांच्यासोबत जातो. आतेमचे हृदय कुणी तोललेले नसते. त्याला जाऊ द्यायचे की नाही हे युगीने डावात ठरवलेले असते, म्हणजे दूताचे काम इथे एका मित्राकडे आलेले असते.

ज्यांना शाडीचा माग नव्याने घ्यायचा असेल त्यांनी आधी मांगाच्या सुरुवातीच्या खंडांतले संग्रहालयाचे प्रकरण वाचावे, कारण ॲनिमेमध्ये त्याची जागा भरून निघत नाही. त्यानंतर पेगाससचा भूतकाळ, मारिक व इशिझूचे बालपण आणि स्मृतींच्या जगाचा शेवटचा टप्पा याच क्रमाने पाहावा. शक्य असेल तर जपानी आवाज आणि उपशीर्षके निवडावीत. ओसायरिसचे नाव तिथे ओसायरिसच आहे.